चार मैल राहिले होते: वैमानिक दिलीप परुळकर यांची कहाणी

वास्को, चिखली, दाबोळी, बोगमाळो या भागांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. दुपारी जेवताना खिडक्या थरथरल्या, तर घरातले लहान मूल तेवढे बाहेर पळते, बाकीचे जेवत राहतात. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या 'हंसा' तळाचा भाग आहे आणि १९६४ पासून नौदलाची विमाने इथून उडत आहेत. त्याआधी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या लढाईत भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. म्हणजे आपल्या मुरगाव तालुक्याने युद्धाचे विमान दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

पण विमान रोज दिसले, तरी आत बसलेला माणूस दिसत नाही. तो बहुधा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. त्याला आईवडील असतात, कधी नवे लग्न झालेले असते. युद्धात त्याच्या विमानाला गोळी लागली तर पुढे काय होते? तो पकडला गेला तर त्याचे हक्क कोणते? त्याच्या घरच्यांना कधी आणि कसे कळते? हे प्रश्न समजून घ्यायला ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण मराठी माणसाला दुसरे क्वचितच सापडेल. ऑगस्ट महिन्यात तर त्यांची आठवण हमखास काढावी, कारण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रात्र १३ ऑगस्टची होती, आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आडनाव आपल्या शेजारचे

परुळकर हे आडनाव ऐकले की पेडण्याच्या माणसाला लगेच तेरेखोल नदीपलीकडचे परुळे आठवते. वेंगुर्ले तालुक्यातले हे गाव. कोकणी-मराठी रीतीप्रमाणे गाव सोडून गेलेल्या घराण्यांनी गावाचे नाव आडनावात सांभाळले. आज त्याच परुळे-चिपीच्या सड्यावर सिंधुदुर्गचा विमानतळ आहे, आणि नदीच्या अलीकडे पेडण्यात मोपाचा. पूर्वी ज्या पट्ट्यात माणसे होडीने आणि पायी जात, तिथे आता एका दिवसात दोन विमानतळ पाहता येतात.

दिलीप परुळकर १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले. तो काळ चीन युद्धानंतरचा होता. हवाई दल वाढत होते, तरुणांची गरज होती. दोनच वर्षांत, १९६५ च्या युद्धात, विशीतल्या या अधिकाऱ्याची कसोटी लागली. एका मोहिमेत त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. तुकडीच्या प्रमुखाने विमानातून बाहेर उडी घेण्याचा सल्ला दिला. परुळकरांनी ते जखमी विमान जखमी खांद्याने चालवत तळावर परत आणले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. बिघडलेले विमान परत आणणे हे नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. विमान पुन्हा तयार होते, वैमानिक घडवायला वर्षे लागतात. म्हणूनच लढाऊ विमानात अशी आसनव्यवस्था असते की कळ ओढली की वरचे झाकण उडते आणि वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला जातो. पुढे हवाई छत्री उघडते. वाचण्याची ही वाट आहे, पण सोपी नाही. त्या झटक्याने पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते, आणि खाली कोणाची जमीन आहे हे वैमानिकाच्या हाती नसते. १९६५ मध्ये परुळकर आपल्या जमिनीवर उतरू शकले. १९७१ मध्ये ते शक्य झाले नाही.

१० डिसेंबर १९७१

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडील भारतीय विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध उघडपणे सुरू झाले. आपल्याला त्या युद्धाची आठवण बहुधा ढाक्यामुळे आणि १६ डिसेंबरच्या शरणागतीमुळे असते. 'विक्रांत' जहाजावरून नौदलाच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर केलेले हल्लेही आपल्या भागात माहीत आहेत, कारण ती विमाने दाबोळीचीच. पश्चिम आघाडीवर मात्र हवाई दलाचे काम वेगळे आणि फार जोखमीचे होते.

परुळकर तेव्हा २६ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ चालवत होते. हे रशियन बनावटीचे, एकच इंजिन आणि एकच वैमानिक असलेले विमान. जमिनीवरच्या लक्ष्यांवर, म्हणजे रणगाडे, रेल्वे, तोफा, रडार यांच्यावर हल्ला करणे हे त्याचे मुख्य काम. त्यासाठी खाली यावे लागते, आणि खाली आले की विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात शिरावे लागते. त्यामुळे त्या युद्धात सुखोई-७ च्या तुकड्यांचे मोठे नुकसान झाले. १० डिसेंबर रोजी जफरवालच्या परिसरात परुळकरांचे विमान पडले. ते छत्रीने उतरले आणि पकडले गेले. वय तिशीच्या उंबरठ्यावर.

त्यांना रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत नेण्यात आले. तिथे भारतीय हवाई दलाचे आणखी अधिकारी होते. सर्वांत वरिष्ठ विंग कमांडर कोएल्हो. स्क्वाड्रन लीडर जफा यांच्या पाठीला आणि स्क्वाड्रन लीडर कामत यांच्या पायांना जबर दुखापत होती. चाटी होते, मलविंदरसिंग ग्रेवाल होते, हरीश सिंहजी होते. सुरुवातीचे दिवस एकेकट्या कोठडीतले आणि चौकशीचे होते. २५ डिसेंबरला त्या सर्वांना पहिल्यांदा एकत्र आणण्यात आले आणि नाताळचा केक कापला गेला. ही सोय केली ती छावणीचे पाकिस्तानी प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

युद्धकैदी म्हणजे गुन्हेगार नव्हे

आपल्यापैकी अनेकांचा असा समज असतो की शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक पूर्णपणे त्याच्या मर्जीवर असतो. कायदा तसे म्हणत नाही. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार युद्धकैद्यांसाठीच आहे. कैद्याने फक्त आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक सांगायचा असतो. त्याचा छळ करता येत नाही. त्याला जेवण, औषधोपचार आणि मासिक भत्ता मिळायला हवा. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी एक छापील कार्ड पाठवू द्यायला हवे, म्हणजे तो जिवंत आहे हे घरच्यांना कळते. लढाई संपली की कैद्यांना विनाविलंब परत पाठवायला हवे.

आणि पळून जाण्याबद्दल? करार तो गुन्हा मानत नाही. पळताना कुणावर हात उचलला नाही, तर साधे कपडे घालणे किंवा खोटी ओळख सांगणे यासाठीही फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. कैदी शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशाबाहेर पोचला, तर त्याची सुटका यशस्वी झाली असे मानले जाते. म्हणजे रावळपिंडीतल्या कैद्याला भारतापर्यंत पोचायची गरज नव्हती. अफगाणिस्तानची हद्द ओलांडली तरी पुरे होते. नकाशा पाहिला तर ही हद्द पेशावरच्या पुढे, खैबर खिंडीच्या टोकाला होती. भारतीय सीमेवर दोन्हीकडे सैन्य सज्ज उभे होते. परुळकरांचे लक्ष पश्चिमेकडे वळले ते यामुळे.

पळायचे कशाला?

पकडला गेलो तर पळून जाईन, असे परुळकर युद्धाच्या आधीपासून मित्रांना सांगत असत. आता ते बोलणे खरे करण्याची वेळ होती. पण हा प्रश्न दिसतो तितका सरळ नव्हता, आणि छावणीतही त्यावर एकमत नव्हते.

एक बाजू अशी: लढाई संपली आहे, आज ना उद्या सोडणारच. वागणूक बरी आहे. पळताना गोळी लागली तर घरच्यांच्या हाती काय? आणि जे मागे राहतील, ज्यांचे पाय प्लास्टरमध्ये आहेत, त्यांच्यावर नंतर सक्ती झाली तर?

दुसरी बाजू अशी: सोडणार कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. भारताकडे पूर्व आघाडीवरचे सुमारे ९३,००० कैदी होते. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या परतीचा प्रश्न त्यात सुटला नाही. दोन देशांच्या वाटाघाटींत आपण किती महिने, किती वर्षे अडकू, हे रावळपिंडीच्या कोठडीतून कसे कळावे? शिवाय कैदेत असला तरी सैनिक सैनिकच राहतो, स्वतःची सुटका करून घेणे हे त्याचे कामच आहे, असे परुळकर मानत.

या दोन्ही बाजूंत वजन आहे. आपण घरी बसून एकाला शूर आणि दुसऱ्याला भित्रा म्हणू नये. जे पळाले नाहीत, त्यांनीही पळणाऱ्यांचे गुपित शेवटपर्यंत सांभाळले, त्यांना आडोसा दिला. त्या मदतीशिवाय भिंतीतली एक वीटही हलली नसती.

भिंत, सुई आणि शाळेचा नकाशा

पाच क्रमांकाच्या कोठडीची मागची भिंत बाहेरच्या आवाराकडे होती. साधारण दीड फूट जाडीची, विटांची. हाती हत्यार म्हणून सुरी, कात्री, पेचकस अशा वस्तू. रात्री पलंगाआड बसून विटांमधला चुना-सिमेंट खरवडायचे, वीट सैल करायची आणि सकाळ व्हायच्या आत सगळे जागच्या जागी ठेवायचे. निघालेला चुरा लपवायचा. दिवसा काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने वावरायचे. हे काम आठवड्यानुआठवडे चालले.

बाकीची तयारी भत्त्याच्या पैशांतून आणि हाताशी असेल त्यातून झाली. पठाणी कपडे मिळवले. सुका मेवा आणि आटवलेल्या दुधाचे डबे साठवले. वैमानिकाच्या दाबरोधक पोशाखातल्या रबरी पिशवीचा उपयोग पाणी नेण्यासाठी करायचा ठरला. शिवणाची सुई ट्रान्झिस्टरच्या बॅटरीच्या साहाय्याने चुंबकित करून होकायंत्र बनवले. आणि दिशा कळायला आधार होता शालेय नकाशासंग्रहाचा. त्या नकाशात पेशावरहून खैबरमध्ये जाणारा रेल्वेमार्ग दाखवला होता आणि त्याचे शेवटचे स्थानक होते लंडी खाना, अफगाण हद्दीला लागून.

१२ ऑगस्टच्या रात्री वादळ झाले, पाऊस आला. मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे १३ ऑगस्ट १९७२ लागल्यावर, परुळकर, ग्रेवाल आणि सिंहजी भोकातून बाहेर पडले. पहारेकरी वादळापासून स्वतःला वाचवण्यात गुंतला होता. बाहेरच्या रस्त्यावर सिनेमाचा रात्रीचा खेळ सुटला होता, त्या गर्दीत ते मिसळले. त्यांनी ठरवलेली ओळख अशी: आपण पाकिस्तानी हवाई दलातले कर्मचारी, रजेवर फिरायला निघालेलो. परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब, ग्रेवाल झाले अली अमीर. नमाज किंवा चालीरीतींबद्दल कोणी खोलात विचारले तर अडचण नको, म्हणून दोघांनी ख्रिस्ती नावे घेतली.

रावळपिंडी ते पेशावर सुमारे १७० किलोमीटर. ते बसने गेले. पेशावरहून टांगा, थोडी पायपीट, मग जमरूदकडून पुन्हा बस, आणि सकाळी ते लंडी कोतलला पोचले. आता सीमा जेमतेम चार मैलांवर होती.

तिथे त्यांनी लंडी खानाला जायचा रस्ता विचारला.

आणि तिथेच घात झाला. लंडी खानापर्यंतची रेल्वे १९३२ मध्येच बंद पडली होती. नकाशात स्थानक होते, जमिनीवर चाळीस वर्षे गाडी गेली नव्हती. स्थानिक माणूस ते नाव विचारणारच नाही. तहसीलदार कचेरीतल्या एका माणसाला संशय आला. त्याला ते भारतीय वाटले नाहीत. पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली तेव्हा याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते, त्यांपैकीच हे असावेत असे त्याला वाटले. तिघांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले.

तो टोळ्यांचा मुलूख होता. हेर ठरलो तर तिथल्या तिथे गोळी घालतील, ही भीती खरी होती. तेव्हा परुळकरांनी एक विलक्षण मागणी केली. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या कार्यालयात स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावा, ते आम्हाला ओळखतात, असे त्यांनी सांगितले. छावणीचे ते जुने प्रमुख आता हवाई दलप्रमुखांचे सहायक अधिकारी होते. फोन लागला. उस्मान हमीद यांच्या लक्षात आले की पलीकडे कोण बोलत आहे. त्यांनी तहसीलदाराला सांगितले की ही आमचीच माणसे आहेत, त्यांना इजा होऊ देऊ नका.

त्या एका वाक्याने तिघांचे प्राण वाचले असे म्हणायला हरकत नाही. सुटका मात्र झाली नाही. खैबरच्या राजकीय अधिकाऱ्याने त्यांना ताब्यात ठेवले आणि लवकरच खरी ओळख उघड झाली.

परत रावळपिंडी, एकांतकोठडी. मग सर्वांची रवानगी लायलपूरच्या मोठ्या छावणीत. मागे राहिलेल्यांनाही त्या रात्रीची किंमत काही प्रमाणात मोजावी लागली. अखेर नोव्हेंबर १९७२ मध्ये सुटकेची घोषणा झाली आणि १ डिसेंबर १९७२ रोजी हे कैदी वाघा सीमेवरून चालत भारतात आले. पळून जाण्याच्या रात्रीनंतर साडेतीन महिन्यांनी.

परुळकरांनी पुढेही हवाई दलात सेवा केली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तुकडीप्रमुख म्हणून त्यांच्या हाताखालून मुले घडली. त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नावर फेथ जॉन्स्टन यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच ते चार मैल आहेत. २०१९ मध्ये चित्रपटही आला. निवृत्तीनंतरचे त्यांचे वास्तव्य पुण्यात होते.

आणि जे परतले नाहीत

परुळकरांच्या विमानाच्या पाच दिवस आधी, ५ डिसेंबर १९७१ रोजी, दुसरे एक सुखोई-७ शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना पडले. त्याचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ३२ व्या स्क्वाड्रनचे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे देणाऱ्या त्या वेळच्या एका पाकिस्तानी वृत्तपत्रात तांबे यांच्या नावाशी जुळणारे नाव छापून आले होते. म्हणजे ते जिवंत हाती लागले असावेत, असे घरच्यांनी धरले. पण १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून आलेल्यांत ते नव्हते.

भारत सरकारच्या यादीत १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले असे ५४ जण बेपत्ता आहेत. पाकिस्तानने ते आपल्याकडे असल्याचे नेहमी नाकारले. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाइकांना तिथले तुरुंग पाहायला नेण्यात आले. हाती काही लागले नाही. दमयंतीबाईंनी खेळ सोडला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शारीरिक शिक्षण विभागात नोकरी केली आणि पन्नास वर्षे हा प्रश्न लावून धरला.

परुळकर आणि तांबे. एकच विमान, एकच आठवडा, दोघेही मराठी घरांतले. एकाच्या घरी तो जिवंत असल्याचे कळले आणि वर्षभराने तो स्वतः आला. दुसऱ्याच्या घरी काहीच आले नाही. आठवड्याच्या आत घरी पाठवायचे ते छापील कार्ड वर वाचताना किरकोळ वाटले असेल. ते का महत्त्वाचे, हे तांबे कुटुंबाकडे पाहिले की कळते. कैद्याचे नाव एकदा नोंदले गेले की त्याला नाहीसे करणे कठीण होते. नोंद नसेल तर तो कुणाचाच नसतो.

मुलांना काय सांगावे

१५ ऑगस्टला मुलांना शूरांच्या गोष्टी आपण सांगतोच. ही गोष्ट सांगताना भिंत फोडण्याचा भाग मुलांना आवडेल, तो जरूर सांगा. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी सांगायला विसरू नका. जुन्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जे मागे थांबले आणि गप्प राहिले, त्यांचाही त्या धाडसात वाटा होता. आणि शत्रूच्या गणवेशातही उस्मान हमीद असू शकतो.

बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे दाबोळीवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे विमाने उभी आहेत. सुखोई-७ तिथे शोधू नका, ते हवाई दलाचे. पण सी हॉकच्या समोर मुलांना उभे करा आणि वैमानिकाच्या त्या लहानशा जागेकडे बोट दाखवा. आत जेमतेम एक माणूस मावतो. डोक्यावरून विमान गेले की यापुढे त्या एका माणसाची आठवण घरात निघाली, तर या लेखाचे काम झाले.